मोंतेपुल्चानो पायी पाहताना: चर्च, वाडे आणि तळघरं, खालून वर

मोंतेपुल्चानोला पहिल्यांदा जाणारी मंडळी बहुतेक वेळा उलटी सुरुवात करतात. मिनीबसने थेट माथ्यावरच्या चौकात उतरायचं, फोटो काढायचे, समोरच्याच तळघरात शिरून दोन घोट वाइन चाखायची आणि मग दुकानं बघत उतरून यायचं. तोवर डोकं जड झालेलं असतं आणि चर्चं दुपारची बंद. आमची पहिली खेप अशीच वाया गेली. दुसऱ्या खेपेला आई-बाबा पुण्याहून आले होते. मी मिनीबसचा थांबा शोधायला लागलो तर बाबा म्हणाले, "जेजुरीला काय मधूनच चढायला सुरुवात करतात का? पायथा कुठाय ते दाखव." गुडघे सत्तरीचे, पण ऐकेनात. त्या दिवशी हे गाव मला पहिल्यांदा नीट दिसलं, कारण ते बांधलंच आहे खालून वर चढत जाण्यासाठी.

म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. एक पूर्ण दिवस धरा. अर्ध्या दिवसात उरकायचं असेल तर पालात्सोंची, म्हणजे वाड्यांची, यादी सोडा आणि दोनच गोष्टी करा: माथ्यावरचं कॅथेड्रल आणि गावाखालचं सान बियाजो.

निघण्याआधी

मोंतेपुल्चानो हे इटलीत टस्कनीच्या दक्षिण भागात, सिएना जिल्ह्यात आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवरच्या एका लांबट डोंगरधारेवर गाव पसरलंय. एका अंगाला वाल दि किआना, दुसऱ्या अंगाला वाल दोर्चा, ही दोन खोरी.

आधी नावाचा घोळ मिटवून घेऊ, कारण दुकानात यावरून हमखास फसगत होते. 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो' लिहिलेली बाटली या गावची नसते. तिथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाच्या जातीचं नाव आहे आणि आब्रुत्सो हा पलीकडच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचा प्रदेश. या गावची वाइन म्हणजे 'वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो', आणि ती होते सांजोवेझे द्राक्षापासून. इथले लोक त्या द्राक्षाला 'प्रुन्योलो जेंतिले' म्हणतात. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही याच सांजोवेझेची लागवड आहे, तेव्हा हे द्राक्ष आपल्याला अगदीच परकं नाही.

ट्रेनने येणार असाल तर 'मोंतेपुल्चानो' नावाच्या स्टेशनाच्या मोहात पडू नका. ते गावापासून चांगलंच लांब, खाली खोऱ्यात आहे आणि तिथे गाड्याही मोजक्याच थांबतात. रोम-फ्लॉरेन्स मार्गावरच्या किउझी-किआन्चानो तेर्मे स्टेशनावर उतरा आणि तिथून बस धरा. बसला तासाभराच्या आत-बाहेर लागतं. मशीनमधून काढलेलं असलं तरी कागदी तिकीट ट्रेनमध्ये चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असून दंड बसतो. सिएनाहूनही बस आहे. रविवारी मात्र या भागातल्या बसेस इतक्या तुटपुंज्या असतात की आम्ही एकदा थांब्यावर दीड तास बसलो होतो. वेळापत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'फेरियाले' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ कामाचे दिवस. 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुट्टी. हे दोन शब्द पाठ करून या.

गाडीने येणाऱ्यांनी गाडी तटबंदीबाहेरच्या पार्किंगमध्ये लावायची, विषय संपला. आतल्या भागात गाड्यांना बंदी आहे. लाल वर्तुळाची 'झोना त्राफिको लिमितातो' ही पाटी ओलांडली की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. पावती लगेच हातात येत नाही. भाड्याच्या गाडीची कंपनी तुमचा पत्ता कळवते आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर कंपनीची स्वतःची फी वेगळी.

पायात रबरी तळाचे बूट असू देत. दगडी फरसबंदी आहे आणि पाऊस पडला की चढावर पाय सरकतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे उन्हाळ्यात पिशवीत एखादी ओढणी ठेवावी. आणखी एक: खिशात एक-एक युरोची चार-पाच नाणी ठेवा. इटलीतल्या बऱ्याच चर्चमध्ये मौल्यवान चित्रासमोर अंधार असतो आणि शेजारी एक पेटी. नाणं टाकलं की दोन-तीन मिनिटं दिवा लागतो. नाणं नसेल तर शेजारच्या जर्मन पर्यटकाने टाकायची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि तोही तुमचीच वाट बघत असतो.

वेळेचं गणित एकच आहे. चर्चं साधारण साडेबारा ते तीन बंद असतात. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास चढायला लागा, कॅथेड्रल बाराच्या आत गाठा, दुपारी जेवण आणि तळघरं, आणि ऊन कलल्यावर सान बियाजो.

पायथ्याशी: संत आन्येझे आणि सिंहाचा खांब

गावात शिरण्याआधी वेशीबाहेरच एक पट्ट्यापट्ट्यांच्या दर्शनी भिंतीचं चर्च लागतं, सांत'आन्येझे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून तसेच पुढे जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा. गावची संत इथे आहे, अक्षरशः. आन्येझे (१२६८–१३१७) ही याच भागात जन्मलेली डॉमिनिकन जोगीण. तिचा देह इथे जतन केलेला आहे. नंतरच्या काळातली सिएनाची संत कातेरिना तिच्या दर्शनाला आली आणि पायाचं चुंबन घ्यायला वाकली, तेव्हा मृत आन्येझेनेच पाय उचलून वर केला, अशी आख्यायिका आहे. आईने ही गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "थोरामोठ्यांनी असंच करावं. लहानाला फार वाकायला लावू नये."

इथून चार पावलांवर पोर्ता अल प्रातो, गावाची खालची वेस. आत शिरलात की समोर एक खांब आणि त्यावर बसलेला सिंह. हा मार्त्सोक्को, फ्लॉरेन्सचा सिंह. खांबावरची मूर्ती नक्कल आहे, मूळ सिंह गावच्या संग्रहालयात ठेवलाय. हा सिंह समजला की निम्मा इतिहास समजला. मोंतेपुल्चानो शतकानुशतकं फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन हाडवैऱ्यांच्या मध्ये सापडलेलं होतं. १३९० मध्ये ते फ्लॉरेन्सकडे गेलं, १४९५ मध्ये उलटून सिएनाकडे, आणि १५११ मध्ये कायमचं फ्लॉरेन्सकडे आलं. परत येताना आधी वेशीवरची सिएनाची लांडगीण उतरली आणि हा सिंह चढला. तटबंदी नव्याने मजबूत करण्याचं काम फ्लॉरेन्सने अंतोनिओ दा सांगालो (थोरला) या वास्तुकाराला दिलं. हे नाव लक्षात ठेवा, दिवसभर भेटत राहील.

कोर्सो: एकच रस्ता, नावं अनेक

वेशीपासून माथ्यापर्यंत नागमोडी चढत जाणाऱ्या रस्त्याला सगळे नुसतं 'कोर्सो' म्हणतात. पाटीवर मात्र त्याचं नाव टप्प्याटप्प्याने बदलतं: आधी ग्राच्यानो, मग वोल्ताया, मग ओपियो. गोंधळू नका, रस्ता तोच आहे.

सिंहाच्या जवळच पालात्सो बुचेल्ली लागतो. वरचे मजले सोडा, खाली बघा. भिंतीचा तळाचा भाग पूर्ण जुन्या दगडी तुकड्यांनी मढवलेला आहे. कुठे लॅटिन अक्षरं, कुठे घोडे, कुठे आडवा रेललेला माणूस. हे एत्रुस्कन लोकांचे अस्थिकलश आहेत, म्हणजे त्यांच्या पुढच्या कोरीव बाजू. एत्रुस्कन हे रोमनांच्या आधीचे या भूमीतले लोक. मृतांची राख दगडी वा मातीच्या पेट्यांत ठेवून त्या पेट्या ते थडग्यात ठेवत. अठराव्या शतकात पिएत्रो बुचेल्ली नावाच्या हौशी संग्राहकाने असे कलश जमवले आणि सरळ घराच्या जोत्यात बसवून टाकले. आज त्यांच्यासमोर स्कूटर लावलेली असते. मी तिथे उकिडवा बसून एका तुकड्यावर बोट फिरवून पाहिलं. दोन योद्धे लढताहेत, पण नाक-डोळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांनी झिजून गुळगुळीत झालेत. हात लावू नये हे खरं, पण एवढी शतकं लोक घासून जाताहेत म्हटल्यावर मलाही राहवलं नाही.

थोडं वर सांत'आगोस्तिनो. याची दर्शनी भिंत मिकेलोत्सोची. तो फ्लॉरेन्सचा, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याचा लाडका वास्तुकार आणि काही वर्षं प्रख्यात शिल्पकार दोनातेल्लोचा कारखान्यातला भागीदार. भिंतीचा खालचा भाग रोमन धाटणीचा आणि वरच्या कोनाड्यांना टोकदार गॉथिक कमानी. जुनी (गॉथिक) आणि तेव्हाची नवी (रोमन धाटणीची), दोन्ही भाषा त्याने एकाच वाक्यात बोलून पाहिल्यात आणि ते जमलंय. दारावरच्या कमानीत मातीचं शिल्प आहे: बाळ घेतलेली मेरी, एका बाजूला बाप्तिस्मा देणारा योहान, दुसऱ्या बाजूला संत ऑगस्टिन. आत मुख्य वेदीवर लाकडी क्रूस आहे, तो दोनातेल्लोचा मानला जातो.

बाहेर येऊन मागे वळा. समोरच्या मनोऱ्यावर पांढऱ्या झग्यातला, काळा मुखवटा घातलेला एक विदूषक उभा आहे, हातातल्या दांड्याने घंटेवर तास वाजवणारा. हा पुल्चिनेल्ला, नेपल्सच्या लोकनाट्यातलं पात्र. टस्कनीच्या डोंगरात तो काय करतोय? नेपल्सहून इथे पाठवला गेलेला एक धर्मगुरू नेपल्सच्या आठवणीने त्याला घेऊन आला, असं सांगतात. तास भरायला पाच-सात मिनिटं असतील तर थांबा. लहान मुलं बरोबर असतील तर थांबावंच लागतं.

पुढचा टप्पा मी भराभर उरकतो. जुन्या धान्यबाजाराची कमानदार ओसरी लागेल, तिच्यावर मेदिचींचं गोळ्यांचं बोधचिन्ह आहे. मग १८६८ सालापासून चालू असलेलं काफ्फे पोलित्सियानो. इथे कॉफी प्यावी, पण उभ्याने, काउंटरवर. इटलीत टेबलावर बसलं की त्याच कॉफीचा दर बऱ्याचदा चढतो. हॉटेलाचं नाव आंजेलो आंब्रोजिनी या पंधराव्या शतकातल्या कवीवरून आलंय. त्याने गावाच्या लॅटिन नावावरून स्वतःला पोलित्सियानो म्हणवून घेतलं आणि फ्लॉरेन्सला जाऊन लोरेन्त्सो मेदिचीच्या मुलांचा शिक्षक झाला. गावकरी आजही स्वतःला 'पोलित्सियानी' म्हणतात. जवळच्या 'जेझू' चर्चमध्ये एक फेरी मारा. बाहेरून ओकंबोकं, आतून गोलाकार आणि बरोक नटवेपणाने भरलेलं. मला ते फारसं भावत नाही, पण त्या बाहेर-आतच्या फरकासाठी बघायला हवं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गेलात तर यातलं काहीच बघायला मिळणार नाही, कारण रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी 'ब्रावीओ देल्ले बोत्ती' असते. गावातल्या आठ पेठा एकमेकींशी लढतात: प्रत्येक पेठेचे दोन गडी ८० किलोचं लाकडी पिंप सिंहाच्या खांबापासून थेट माथ्यापर्यंत ढकलत नेतात, याच चढावरून. पूर्वी घोड्यांची शर्यत होती, पिंपांची १९७४ पासून सुरू झाली. एरवीच्या दिवशी रिकाम्या हाताने चढतानाही धाप लागते. तेव्हा दम खायला थांबाल तेव्हा त्या पिंपाची आठवण काढा, बरं वाटतं.

माथ्यावर: पियात्सा ग्रांदे

रस्ता संपतो आणि एकदम मोकळा उतरता चौक उघडतो. लगेच फोटो काढू नका. आधी मधल्या पायऱ्यांवर बसा आणि चारी बाजू ओळखून घ्या.

घड्याळाचा मनोरा असलेली इमारत म्हणजे पालात्सो कोमुनाले, नगरपालिका. फ्लॉरेन्सचा पालात्सो वेक्यो पाहिला असेल तर हा त्याचा धाकटा भाऊ वाटेल, आणि तसाच वाटावा म्हणून पंधराव्या शतकात त्याला मिकेलोत्सोच्या आराखड्यावरून नवा चेहरा दिला गेला. मालकाच्या घरासारखं घर बांधून निष्ठा दाखवायची रीत. तिकीट काढून वर जाता येतं. गच्चीपर्यंतचं तिकीट पुरतं. अगदी टोकाचा जिना अरुंद आणि उभा आहे, बाबांना मी तिथे अडवलं. स्वच्छ हवेत पूर्वेला त्राझिमेनो तलाव चकाकतो, दुसऱ्या अंगाला आमियाता डोंगर. आणि खाली, गावाबाहेर, एकटं उभं असलेलं घुमटाचं चर्च. संध्याकाळी तिकडेच जायचंय.

कोपऱ्यातली विहीर १५२० ची, सांगालोच्या हातची मानतात. वर दोन सिंह मेदिचींची ढाल धरून उभे आहेत आणि त्यांच्या बाजूला दोन ग्रिफिन, म्हणजे गरुडतोंडे सिंह. ग्रिफिन हे मोंतेपुल्चानोचं चिन्ह. खालच्या खांबावर फ्लॉरेन्सचा एकटा सिंह होता. इथे वर येईपर्यंत गावाने स्वतःलाही शेजारी जागा करून घेतलीय.

कॅथेड्रलच्या समोर पालात्सो नोबिली-तारुजी. या नोबिली घराण्यातल्या एका माणसाची गोष्ट मला इथे बसूनच वाचायला मिळाली. रोबेर्तो दे नोबिली (१५७७–१६५६) हा जेझुइट पाद्री १६०५ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथून मदुराईला गेला. तमिळ, तेलुगू, संस्कृत शिकला. युरोपियन कपडे सोडून भगवी वस्त्रं नेसू लागला, खडावा घालू लागला, मांसाहार सोडला. हा माणूस ख्रिस्ती धर्म शिकवतोय की स्वतःच हिंदू झालाय, यावरून चर्चमध्ये रण माजलं. १६१९ मध्ये गोव्यात धर्मगुरूंच्या सभेपुढे त्याला बाजू मांडावी लागली आणि अखेर १६२३ मध्ये पोपने बराचसा कौल त्याच्या बाजूने दिला. याच गावात जन्मलेला, त्याच्या नात्यातला कार्डिनल रोबेर्तो बेल्लार्मिनो (१५४२–१६२१) मात्र जगाला वेगळ्या कारणाने माहीत आहे: पृथ्वी फिरते ही शिकवण सोडून दे, अशी ताकीद १६१६ मध्ये गॅलिलिओला त्यानेच दिली. एवढ्याशा गावातले हे दोघे. बेल्लार्मिनोचा मामा मार्चेल्लो दुसरा १५५५ मध्ये पोप झाला आणि बावीसच दिवसांत वारला.

आता कॅथेड्रल. पहिल्या नजरेला निराशा होते: उघड्या विटा-दगडांची, खाचा-खोबणी असलेली भिंत, जणू काम काल थांबलंय. ओर्विएतोच्या इप्पोलितो स्काल्त्साच्या आराखड्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झालं, १६८० पर्यंत चाललं, पण संगमरवरी दर्शनी भिंत काही झाली नाही. शेजारचा बुटका घंटाघर त्याहून जुना, आधीच्या चर्चमधला. तोही अर्धवटच.

आत मात्र दोन गोष्टींसाठी निवांत वेळ काढा.

पहिली, मुख्य वेदीवरचं सोनेरी त्रिपट, म्हणजे तीन फळ्यांचं चित्र. ताद्देओ दि बार्तोलो या सिएनाच्या चित्रकाराने १४०१ मध्ये केलेलं, म्हणजे ही इमारत उभी राहायच्या दोनशे वर्षं आधीचं. मधल्या भागात मेरी स्वर्गात चालली आहे आणि खाली तिच्या रिकाम्या कबरीभोवती शिष्य जमलेत. सगळे वर नाहीतर कबरीकडे बघताहेत. एकच जण आपल्याकडे बघतोय. तो संत थॅडियस, आणि त्याचा चेहरा चित्रकाराने स्वतःचा दिलाय, कारण नाव एकच: ताद्देओ. पेटीत नाणं टाका, दिवा लागला की आधी त्याला शोधा. आईने शोधायला अर्धं नाणं खर्ची घातलं आणि सापडल्यावर म्हणाली, "हा आपल्यालाच विचारतोय, काय, दिसलं का?"

दुसरी गोष्ट चर्चभर विखुरलेली आहे. बार्तोलोमेओ आरागात्सी हा इथला विद्वान, पोप मार्टिन पाचव्याचा सचिव. त्याने मिकेलोत्सोकडून स्वतःसाठी भव्य संगमरवरी समाधी बनवून घ्यायला घेतली. लेओनार्दो ब्रुनी नावाच्या समकालीन इतिहासकाराने एका पत्रात लिहून ठेवलंय: वाटेत त्याला ते संगमरवर लादलेल्या गाड्या भेटल्या, रुतून बसलेल्या, आणि घामाघूम झालेला एक मजूर जगातल्या सगळ्या कवींच्या नावाने शिव्या घालत होता. ब्रुनीला आरागात्सीचं हे स्वतःच स्वतःचं स्मारक उभारणं अजिबात आवडलं नव्हतं. पुढे जुनं चर्च पाडलं गेलं आणि समाधी सुटी झाली. आता आडवी पहुडलेली मूर्ती दारापाशी, कोरीव फलक पुढच्या खांबांवर, माळा धरलेली बाळं वेदीपाशी. दोन देवदूत तर थेट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. कॅथेड्रलमध्ये फिरताना हे तुकडे मनात जोडत जायचे. लहान मुलांना हा खेळ लावून द्या, अर्धा तास शांतता मिळते.

डावीकडच्या पहिल्या दालनात आंद्रेआ देल्ला रोब्बियाची निळी-पांढरी चकचकीत भाजलेल्या मातीची वेदी आहे. बाकीचं चर्च इतकं राखाडी आहे की तो निळा रंग अंगावर येतो.

जेवण आणि मग तळघर

एव्हाना चर्चं बंद व्हायची वेळ झाली असेल. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. दे नोबिली मदुराईत शाकाहारी झाला, आपल्याला मोंतेपुल्चानोत शाकाहारी राहायचंय, तेवढं जमतं. 'पिची' मागवा: पीठ आणि पाण्याच्या, हाताने वळलेल्या जाड शेवया. 'आल्ल'आल्योने' म्हणजे वाल दि किआनातल्या भल्याथोरल्या लसणीच्या टोमॅटो रश्शात. 'काचो ए पेपे' म्हणजे चीज आणि मिरी. 'राग्यू' म्हटलं की मांस. ऑर्डर देताना 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' (मांस नको, मासे नकोत) असं स्वच्छ सांगा. जवळच्या पिएन्त्साचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज उत्तम असतं, पण ते बहुधा रेनेटने, म्हणजे जनावराच्या पोटातल्या रसाने, विरजलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. बिलात 'कोपेर्तो' दिसेल. तो माणशी बैठकीचा आकार, फसवणूक नव्हे.

जेवणानंतर तळघरं. गावातल्या अनेक वाड्यांच्या पोटात खोदलेली 'कांतीना' आहेत आणि चौकातल्याच पालात्सो कोंतुच्चीखालची बघायला सोपी. पायऱ्या उतरताना हवा गार होत जाते, ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या फळाचा वास येतो. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ओकची पिंपं, पोटावर खडूने वर्ष लिहिलेलं. वीनो नोबिलेला १९६६ मध्ये प्रमाणित नाव मिळालं आणि १९८० मध्ये इटलीतला सर्वात वरचा दर्जा. नियमाने तिच्यात किमान ७० टक्के सांजोवेझे लागतं आणि विक्रीआधी दोन वर्षं मुरवावी लागते. 'रिझेर्वा' असेल तर तीन.

चाखण्याआधी दर विचारा. काही ठिकाणी थोडं चाखणं फुकट असतं, काही ठिकाणी ठरलेली फी असते. चाखण्याचा क्रम हलक्याकडून भारीकडे: आधी रोस्सो दि मोंतेपुल्चानो, ही त्याच मळ्यांतली तरुण, स्वस्त बहीण. मग नोबिले, मग रिझेर्वा, शेवटी गोड वीन सांतो. घोट घेऊन पिंपाशेजारच्या भांड्यात थुंकलात तर कोणी नावं ठेवत नाही, गाडी चालवणाऱ्याने तर तेच करावं. पिणं होत नसेल तरी आत जावं, बघायला अडकाठी नसते. आई प्यायली नाही, पण तळघरातल्या काकांना तिने खुणांनी विचारलं की पिंप गळत नाही का. त्याने पिंपाच्या फळ्यांवर हात थोपटला, मग बोटाने पाण्याचा थेंब दाखवून लाकूड फुगतं असा अभिनय केला. "आपल्या पखवाजाला कणीक लावतात तसंच काहीतरी," असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं. मी दुरुस्त केलं नाही.

बाटल्या भारतात नेणार असाल तर मोठ्या माणसामागे दोन लिटरपर्यंत करमुक्त असतं. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा.

ऊन कलल्यावर: सान बियाजो

चौकातून पश्चिमेकडच्या वेशीतून बाहेर पडा आणि उतारावर चालू लागा. वीसेक मिनिटांत सायप्रसच्या दुहेरी रांगेतून ते चर्च समोर येतं, हिरव्या गवतावर एकटं, मधाच्या रंगाच्या ट्रॅव्हर्टाइन दगडाचं. माझ्या मते या गावातली सर्वात सुंदर इमारत गावात नाही, ती ही.

इथे एका जुन्या पडीक चर्चच्या भिंतीवर मेरीचं चित्र उरलं होतं. २३ एप्रिल १५१८ ला त्या चित्रातल्या मेरीने डोळे हलवले अशी बातमी पसरली, दर्शनाला झुंबड उडाली आणि त्याच वर्षी सांगालोने नव्या मंदिराचं काम हाती घेतलं. जमीन सपाट, जागा मोकळी, पैसा आणि भक्ती भरपूर. वास्तुकाराला अशी संधी आयुष्यात एकदा मिळते. त्याने चारही भुजा सारख्या लांबीचा क्रूस आखला आणि मधोमध घुमट. त्याच काळात रोममध्ये सेंट पीटर्सच्या नव्या बांधणीसाठी अशाच आराखड्याची चर्चा होती, पण तिथे पुढे बदल होत गेले. इथे लहान आकारात का होईना, तो पूर्ण झाला. काम १५४५ पर्यंत चाललं. सांगालो १५३४ मध्येच गेला.

आत जायला तिकीट आहे, त्यात आवाजी मार्गदर्शक मिळतो. तो घ्या, पण लगेच कानाला लावू नका. घुमटाखाली मध्यभागी उभे राहा आणि हळूच एकदा टाळी वाजवा. आवाज फिरून येतो. मूळ चित्र मुख्य वेदीवर आहे. बियाजो म्हणजे संत ब्लेझ, घशाच्या दुखण्याचा त्राता. त्याच्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, भाविकांच्या गळ्याशी दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून आशीर्वाद देतात. बाबांचा घसा उन्हाळाभर बसलेला, त्यांनी ते ऐकून मनातल्या मनात नमस्कार केला.

बाहेर आलात की पूर्ण वळसा घाला. समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन मनोरे व्हायचे होते. डावा पूर्ण झाला आणि वर चढताना त्याच्या खांबांची शैली मजल्यागणिक बदलत जाते. उजवा पहिल्या मजल्यावरच थांबला आणि त्याच्या सपाट डोक्यावर आता कबुतरं बसतात. अपुरा असूनही तोल बिघडत नाही. संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या टेकड्यांवर उतरला की दगड आधी पिवळा, मग गुलाबी होतो. ही वेळ चुकवू नका. मात्र शेवटच्या प्रवेशाची वेळ सकाळीच बघून ठेवा, हिवाळ्यात लवकर बंद होतं.

आता परतीचा चढ. हा मात्र पायी करायचा हट्ट धरू नका. गाडी असेल तर सकाळीच एकाला सांगून ठेवा की त्याने ती इथल्या पार्किंगला आणावी. बस हवी असेल तर वेळ आधी विचारून ठेवा. आम्ही विचारली नव्हती. बाबा पायथ्यापासून चढण्याच्या गोष्टी करत होते, ते सायप्रसच्या झाडाखाली बसले आणि म्हणाले, "आता रिक्षा मिळाली तरी चालेल."